बॉट्युलिझम

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या सूक्ष्मजंतूने निर्माण केलेल्या विषामुळे होणारी, क्वचित आढळणारी परंतु अत्यंत गंभीर अशी विषबाधा. बहुतेक अन्नविषबाधांत उलट्या व जुलाब ही प्रमुख लक्षणे असतात. या विकारात मात्र मुख्य आघात तंत्रिकांवर (मज्जातंतूंवर) होतो. दूषित अन्न खाल्ल्यापासून सर्वसाधारणपणे १२ ते ३६ तासांत दृष्टी धूसर होते, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात, पापण्या मिटू लागतात, तोंड कोरडे पडते आणि बोलणे व गिळणे कठीण होते. स्नायूंचे दौर्बल्य चेहऱ्याकडून खाली पसरत जाते व अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. ताप बहुधा नसतो आणि रोग्याची शुद्ध कायम असते.

या विकाराचा इतिहास बऱ्याच अंशी अन्न टिकविण्याच्या पद्धतींशी निगडित आहे. अन्नाला हवा लागू न देणे हा ते टिकविण्याचा जुना व यशस्वी उपाय. परंतु हा जंतू हवेच्या अभावीच वाढतो. त्यामुळे निष्काळजीपणे उघडे टाकलेल्या अन्नापेक्षा काळजीपूर्वक बंद करून ठेवलेल्या अन्नातूनच ही विषबाधा अधिक वेळा झालेली दिसते.

आतड्याच्या किंवा जठराच्या पिशवीत मांस, रक्त व चरबी ठासून भरून, उकडून व धुरी देऊन केलेले सॉसेज हा जर्मनीतील ग्रामीण भागाचा हिवाळ्यातील बेगमीचा पदार्थ. वुर्टेंबर्गमधील व्हिल्डबाड येथे १७९३ मध्ये डुकराच्या जठरात भरलेले असे रक्ताचे सॉसेज खाऊन १३ जण आजारी पडले व त्यांपैकी ६ जण दगावले. पुढील काळात युद्धांमुळे आलेल्या दारिद्र्यात अशा घटना वाढल्या आणि १८०२ मध्ये तेथील शासनाला धुरी दिलेल्या रक्ताच्या सॉसेजविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. यूस्टीनुस केर्नर (१७८६–१८६२) या वैद्याने या रोगाचा प्रथम पद्धतशीर अभ्यास केला. केर्नर हा जर्मन स्वच्छंदतावादी कवी म्हणूनही प्रसिद्ध आहे. त्याने १८२० मध्ये ७६ व १८२२ मध्ये १५५ रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. दूषित सॉसेजचा अर्क त्याने प्राण्यांना दिला, इतकेच नव्हे तर त्याचे काही थेंब स्वतःही घेऊन पाहिले. हे विष हवेच्या अभावी तयार होते, अत्यल्प मात्रेत मारक ठरते आणि तंत्रिकांकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांत खंड पाडते, असे त्याचे निष्कर्ष होते. विष हे एक वसाम्ल असावे हा त्याचा तर्क तेवढा चुकला. सूक्ष्मजंतुशास्त्राचा उदय होण्यापूर्वीच्या त्या काळात याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. या संशोधनामुळे लोक त्याला ‘वुर्स्ट-केर्नर’ म्हणजे ‘सॉसेजवाला केर्नर’ म्हणत. ‘बॉट्युलस’ (सॉसेज) या लॅटिन शब्दावरून बॉट्युलिझम ही संज्ञा १८७० च्या सुमारास रूढ झाली.

रोगाचे कारण बेल्जियममध्ये उघडकीस आले. एल्झेल या खेड्यात १४ डिसेंबर १८९५ रोजी एका वृद्धाच्या अंत्यविधीत वाद्ये वाजवून आलेल्या वादकांनी खारविलेल्या व धुरी दिलेल्या मांडीच्या मांसाचे (हॅमचे) जेवण घेतले. ३४ जणांच्या त्या पथकातील तिघे मृत्यू पावले आणि सुमारे दहा जण मरणोन्मुख झाले. गेंट विद्यापीठातील सूक्ष्मजंतुशास्त्राचे प्राध्यापक एमील व्हान एर्मेंगेम (१८५१–१९३२) यांनी उरलेले मांस व एका मृताची प्लीहा या दोहोंतून एक अवायुजीवी जंतू वेगळा काढला. त्यांनी त्याला बॅसिलस बॉट्युलिनस असे नाव दिले व १८९७ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. आजार जंतूंच्या संसर्गाने नव्हे, तर त्यांनी अन्नात आधीच तयार केलेल्या विषाने होतो; हे विष उष्णतेने नष्ट होते आणि पुरेसे मीठ असल्यास तयारच होत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षी केम्पनर यांनी प्रतिविष तयार केले.

रोग केवळ मांसापुरता मर्यादित नाही याचा प्रत्यय १९०४ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे आला. तेथे डबाबंद पांढऱ्या घेवड्यामुळे ११ मृत्यू झाले. या जंतूचे वास्तव्य मुळात मातीत असल्याने भाज्यांवाटेही तो अन्नात येऊ शकतो. या घटनेतील विष एल्झेलच्या विषाहून वेगळ्या प्रकारचे असल्याचे पुढे दिसून आले व एका प्रकारावरील प्रतिविष दुसऱ्यावर चालत नाही ही गोष्ट स्पष्ट झाली. १९१९ मध्ये जॉर्जिना बर्क यांनी या प्रकारांना ए व बी अशी नावे दिली. मानवात प्रामुख्याने ए, बी व ई आणि क्वचित एफ हे प्रकार विकारास कारणीभूत होतात.

डबाबंद अन्नाची पद्धत फ्रान्समधील निकोला आपेर (१७४९–१८४१) यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध केली होती. तीत बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवीत. उकळण्याने जंतू मरतात व विषही निकामी होते, परंतु बीजाणू तग धरून राहतात. स्पर्धक जंतू नाहीसे झालेल्या व हवा नसलेल्या अन्नात ते पुढे निर्वेध रुजतात. या धोक्याची तीव्रता १९१९-२० मध्ये अमेरिकेत कळून आली. कॅलिफोर्नियातील बाटलीबंद ऑलिव्ह फळांमुळे दूरच्या ओहायओ, मिशिगन इ. राज्यांत लोक मृत्युमुखी पडले आणि तेथील डबाबंद अन्नाचा धंदाच धोक्यात आला. कार्ल एफ. मायर (१८८४–१९७४) यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियात संशोधन सुरू झाले. एस्टी व मायर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की, सर्वांत चिवट बीजाणू मारण्यास १००° से. तापमानाला ३३० मिनिटे लागतात, तर १२०° से. तापमानाला केवळ ४ मिनिटे पुरतात. साध्या उकळण्याऐवजी दाबाखालील वाफेचा वापर अनिवार्य होण्यामागे हेच आकडे आहेत. डबाबंदीच्या कारखान्यांवर देखरेख ठेवणारा कायदा कॅलिफोर्नियात १९२५ मध्ये झाला. दरम्यान ऑगस्ट १९२२ मध्ये स्कॉटलंडमधील लॉक मरी या सरोवराकाठी मासेमारीच्या सहलीस आलेले पाहुणे व त्यांचे वाटाडे मिळून आठ जण बदकाच्या मांसाचा बाटलीबंद लगदा लावलेल्या सँडविचांमुळे आजारी पडले. त्यांपैकी एकही वाचला नाही.

अलास्कातील मूळ रहिवासी मासे व सागरी सस्तन प्राण्यांचे मांस आंबवून खातात. पूर्वी हे आंबविणे गवताने आच्छादलेल्या खड्ड्यांत होई. प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची भांडी आल्यावर तेथे या रोगाचे प्रमाण वाढले.

बर्गेन, डिकेन्स व झॅटमन यांनी १९४९ मध्ये या विषामुळे तंत्रिकांच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन मुक्त होत नाही असे दाखविले. ते मुक्त होण्यास आवश्यक असलेली प्रथिने हे विष तोडून टाकते, हे १९९२ पासून उलगडत गेले. अल्प मात्रेत हे विष अतिक्रियाशील स्नायूंना शांत करू शकेल, अशी कल्पना केर्नरने मांडली होती. ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रवैद्यांनी १९८० मध्ये तिरळेपणावर त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली.

अर्भकांतील बॉट्युलिझम १९७६ मध्ये ओळखला गेला. यात विष बाहेरून येत नाही. पोटात गेलेले बीजाणू आतड्यात रुजून तेथेच विष निर्माण करतात. मधात असे बीजाणू आढळत असल्याने एक वर्षाखालील मुलांस मध देऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. नवजात अर्भकास मध चाटविण्याची महाराष्ट्रातील प्रथा या दृष्टीने धोक्याची आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सु. ६० टक्के रोगी दगावत. कृत्रिम श्वसनाच्या साधनांमुळे हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर आले. प्रतिविष केवळ रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. तंत्रिकेत शिरलेल्या विषावर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे ते लवकर देणे महत्त्वाचे असते व तरीही पूर्ववत होण्यास आठवडे किंवा महिने लागतात.

भारतात या विषबाधेच्या नोंदी फार थोड्या आहेत. ताजे शिजविलेले अन्न गरम असतानाच खाण्याची पद्धत हे त्याचे एक कारण असावे. लोणच्यावर तेलाचा थर असला, तरी त्याची आंबट प्रकृती संरक्षक ठरते. पीएच मूल्य ४·६ पेक्षा कमी असल्यास हा जंतू वाढत नाही. गुजरातमध्ये सप्टेंबर १९९६ मध्ये एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी आजारी पडले व त्यांपैकी तिघे मृत्यू पावले. संशय डाळीच्या पिठाच्या शेवेवर होता. शेवेसारख्या तळलेल्या पदार्थावर असा संशय सहसा कोणी घेत नाही. तपासणीत विष ई प्रकारचे निघाले, मात्र ते निर्माण करणारा जंतू क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नसून क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा त्याचा नातेवाईक होता.