एका डबीत दोन कुळं

औषधांच्या दुकानात अश्वगंधा आणि ब्राह्मी हल्ली शेजारी, कधी एकाच गोळीतही मिळतात आणि डबीवर छापलेलं असतं ‘अ‍ॅडाप्टोजेन’. हे नाव आयुर्वेदातलं नव्हे. ते सोव्हिएत संशोधक निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ साली दिलं, आणि तेही डिबाझोल या प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधावर काम करताना. पुढे व्लादिवोस्तोकच्या इस्राएल ब्रेखमन यांनी सायबेरियन जिनसेंगवर काम केलं आणि १९६९ मध्ये दार्दिमोव्ह यांच्यासोबत कसोट्या मांडल्या. द्रव्य निरुपद्रवी हवं, त्याने हरतऱ्हेच्या ताणाला तोंड देण्याची ताकद वाढवावी आणि बिघाड कुठल्याही दिशेचा असो, शरीर पूर्वपदावर आणावं. व्याख्या इतकी सैल, की तिच्यात बरंच काही मावतं. युरोपीय औषध संस्थेनेही २००८ मध्ये ही संज्ञा मान्य केली नाही, ते ठीकच झालं.

आपल्या परंपरेत या दोन वनस्पतींची घरं पहिल्यापासून वेगळी. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय गणांत येते, म्हणजे काम बळ देण्याचं आणि कृश अंग भरून आणण्याचं. म्हणूनच तिच्या मुळांचं चूर्ण दुधातून द्यायची रीत. ब्राह्मी भेटते अपस्माराच्या चिकित्सेत: ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी आणि जुनं तूप यांचं ब्राह्मीघृत. दोन्ही रसायनंच ना, मग भेद कशाला, असं कुणी विचारेल. पण रसायन हा फार मोठा वर्ग आहे, आणि बुद्धीसाठीची चार मेध्य रसायनं चरकाने त्यातून वेगळी काढली. त्या चारांत मंडूकपर्णी आहे, अश्वगंधा नाही. (मंडूकपर्णी म्हणजे आपला कारिवणा; त्यालाही ब्राह्मीच म्हणतात. ओलसर जागी पसरणारी, जाडसर बारीक पानांची नीरब्राह्मी ती वेगळी, आणि आधुनिक चाचण्या मुख्यतः तिच्यावर झाल्या.)

या चाचण्या जुन्या वाटणीशी बऱ्याच जुळतात. २००१ साली ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांना ब्राह्मीचा ३०० मिलिग्रॅम अर्क रोज दिला, तेव्हा शिकण्यात आणि स्मरणात ठळक फरक दिसला तो १२ आठवड्यांनी. भारतात २०१२ मध्ये तणावग्रस्त ६४ जणांवरच्या ६० दिवसांच्या चाचणीत अश्वगंधेने तणाव आणि रक्तातलं कॉर्टिसॉल घटलं. अश्वगंधेनेही स्मरण सुधारल्याचं २०१७ च्या चाचणीत आढळलं, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ती चाचणी अवघ्या ५० जणांची, तीही सौम्य विस्मरण असलेल्यांची. शिवाय ताण हलका झाला, झोप लागली, तर डोकं आपोआप चालतं. मूळ तक्रार ताणाची किंवा झोपेची असेल तर अश्वगंधा आणि पाठांतराची असेल तर ब्राह्मी, एवढंच आजच्या पुराव्यावरून म्हणता येतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेल्या ब्राह्मीकडून फार आशा धरू नये. ‘निरुपद्रवी’ या कसोटीला तर अश्वगंधा पुरती उतरतच नाही: यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचे रुग्ण आणि गर्भवती यांनी ती वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली आहे.