नदीचं मूळ, रिट्रायचं कूळ

सर्व्हिसेसवर उभं राहणारं सॉफ्टवेअर लिहायला शिकणाऱ्याला एक मंत्र लवकरच मिळतो. समोरच्या सर्व्हिसकडून उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा विचारू नका. एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, मग आठ. शिवाय प्रत्येक वेळी त्या थांबण्यात थोडा फाशांचा खेळ मिसळा. थांबणं दुप्पट करत जायचं तो बॅकऑफ, फासे टाकायचे तो जिटर. शिकवणारे दोन्ही एका दमात सांगतात, जणू जुळी भावंडं. माझं म्हणणं असं, की ही जुळी नव्हेत. दोघं वेगवेगळ्या घरची. एकदा एकत्र आली, मग सॉफ्टवेअरच्या घरात जवळपास पाव शतक त्यांची ताटातूट झाली.

हा धागा हाती लागला तो फास्टॅगची तांत्रिक माहिती चाळताना. टोलनाक्यावरच्या रीडरसमोर एकाहून जास्त गाड्या आल्या, की सगळे टॅग एकदम बोलू पाहतात, आणि त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. म्हणून रीडर आधी एक आकडा जाहीर करतो, क्यू. क्यू 4 असेल तर प्रत्येक टॅग 0 ते 15 मधला एक आकडा मनाशी धरतो. ज्याच्याकडे शून्य, तो बोलतो. बाकीचे रीडरच्या प्रत्येक इशाऱ्याला आपला आकडा एकाने उतरवत राहतात. टकरी वाढल्या तर रीडर क्यू एकाने वाढवतो, म्हणजे पंधराची मर्यादा एकतिसावर जाते. फासे आहेत आणि दुप्पटही आहे. या पद्धतीच्या घराण्याचं नाव वाचलं आणि थबकलो: स्लॉटेड अलोहा. खालापूरच्या टोलनाक्यावर हवाई बेटांचं काय काम?

नॉर्मन अब्रॅम्सन हे माहितीशास्त्राचे प्राध्यापक 1960च्या दशकात हवाई विद्यापीठात गेले. त्यामागे लाटांवरच्या सर्फिंगची ओढ होती, हे ते स्वतः सांगत. बेटं विखुरलेली, फोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून 1971 मध्ये त्यांच्या गटाने दूरची टर्मिनल्स रेडिओने होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी जोडली. सगळ्यांचे संदेश एकाच लहरीवर. कोणी कधी बोलायचं याचा नियमच नाही. पोच मिळाली नाही, तर दोन संदेश आपटले असं समजायचं, मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. मनाला येईल तितका, हीच खरी युक्ती. दोघं सारखाच वेळ थांबले तर पुन्हा आपटणारच.

हिशेब मांडला तर ही बेबंदशाही फार काही देत नाही. लहरीची जास्तीत जास्त 18.4 टक्के क्षमताच कामी येते. वेळेचे ठरावीक कप्पे पाडले तर 36.8. फासे होते, दुप्पट नव्हती.

दुप्पट आली बॉब मेटकाफकडून. हार्वर्डने त्याचा प्रबंध नाकारला होता. एका मित्राच्या घरी मुक्कामाला असताना अब्रॅम्सनचा 1970 चा निबंध त्याच्या वाचनात आला. त्यातलं एक गृहीतक त्याला खटकलं: पोच न मिळालेली माणसंही नवे संदेश पाठवतच राहतात. मेटकाफ म्हणाला, माणसं अशी नसतात, ती अडतात आणि वाट पाहतात. या आक्षेपाने त्याचा प्रबंधही मार्गी लागला आणि 1973 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटही जन्मलं. तिथे प्रत्येक टकरीनंतर फाशांची मर्यादा दुप्पट होऊ लागली. गर्दी किती आहे हे कोणी सांगायला नको, टकरीच सांगतात.

आता प्रतिपक्ष. सॉफ्टवेअरवाल्यांची दुप्पट इथरनेटकडून नव्हे, टीसीपीकडून आली, असं मानणारे पुष्कळ. त्यांची बाजू भक्कम आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ, अंतर जेमतेम 400 यार्ड, यांच्यामधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसनने याची उकल केली आणि त्याचा 1988 चा निबंध पाठ्यपुस्तकच ठरला. हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवताना थांबण्याची वेळ दुप्पट करा, हे टीसीपीत पक्कं झालं. पण टीसीपीच्या त्या नियमात फासे नाहीत! माझा तर्क असा: इंटरनेटवर प्रत्येकाचं अंतर वेगळं, म्हणून थांबण्याच्या वेळा आपोआपच वेगळ्या पडतात. फाशांची गरजच भासली नाही.

ताटातूट झाली ती इथे, असं माझं ठाम मत. वेब सर्व्हिसेस लिहिणाऱ्यांनी दुप्पट उचलली ती टीसीपीकडून, तीही एकटीच. आणि डेटा सेंटरमध्ये सगळ्यांची अंतरं सारखी. सर्व्हर पडला की हजार क्लायंट एकाच क्षणी एक, दोन, चार मोजू लागतात. वीज परत आली की सगळ्या सोसायट्यांचे पंप एकदम सुरू व्हावेत आणि फ्यूज पुन्हा उडावा, तसलाच प्रकार. 2015 मध्ये ॲमेझॉनच्या मार्क ब्रुकरने शंभर क्लायंटांचं नक्कल-गणित मांडून दाखवलं, की फासे मिसळल्यावर एकूण कॉल निम्म्याहूनही कमी होतात. त्याचं ‘फुल जिटर’ म्हणजे शून्यापासून दुप्पट होत जाणाऱ्या मर्यादेपर्यंतचा कुठलाही आकडा. हे तर जवळपास इथरनेटचंच सूत्र! टीसीपी हा खरा पूर्वज असेल, तर जे त्याच्याकडे कधी नव्हतंच ते वारसाला द्यायला तो आणणार कुठून?

यातली सर्वात तिखट गंमत मात्र गणितज्ञांनी केली. वापरकर्ते अमर्याद असतील तर दुपटीची ही रीत शेवटी कोलमडतेच, मग येणारा भार कितीही कमी असो, असं डेव्हिड ऑल्डस यांनी 1987 मध्ये सिद्ध केलं. प्रत्यक्षात इथरनेट चाललं, कारण वापरकर्ते मोजके होते आणि मानकात दोन लगाम होते: दहा वेळांनंतर दुप्पट थांबते, सोळाव्या प्रयत्नानंतर माघार. नवशिक्यांच्या कोडमध्ये बहुधा हाच दुसरा लगाम सुटलेला असतो. किती वेळा प्रयत्न करून गप्प बसायचं, हे न ठरवता लिहिलेला रिट्राय म्हणजे स्वतःच्याच सर्व्हरवर आपण केलेला हल्ला. आणि तो पैशांचा व्यवहार असेल तर आणखी एक अट: तीच विनंती दोनदा पोचली तरी खात्यातून रक्कम एकदाच जायला हवी. ही अट मात्र हवाईची नव्हे. तिचं कूळ बीजगणितात शोधावं लागतं.