बॅलास्ट, चाचणी-उड्डाणातील

घरी बांधलेल्या विमानाच्या चाचणीत प्रवाशाच्या किंवा सामानाच्या जागी ठेवलेले मोजून घेतलेले वजन. अमेरिकेत अशा विमानाला सुरुवातीचे सहसा २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच उडावे लागते आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाहीत. त्यामुळे पूर्ण भार असताना आणि गुरुत्वमध्य मागे गेलेला असताना विमान कसे वागते, हे शिसे, वाळू किंवा पाणी ठेवून पाहतात.

खरा धोका हे वजन जागेवरून हलण्याचा. ६०० किलोच्या विमानात ४० किलो वजन एक मीटर मागे घसरले, तर गुरुत्वमध्य सुमारे ६७ मिलिमीटर मागे जातो. छोट्या दोनआसनी विमानात त्याला एकूण मुभाच जेमतेम वीतभर असते. ती ओलांडल्यावर स्टिक पूर्ण पुढे ढकलूनही नाक खाली येईलच असे नाही, आणि फिरकी लागली तर ती थांबवणे अशक्य होऊ शकते. मोठी विमानेही यातून सुटत नाहीत. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्रामहून उडालेल्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये नीट न जखडलेले चिलखती वाहन मागे सरकले, त्याने शेपटीकडची नियंत्रण यंत्रणा मोडली आणि विमानातील सातही जण ठार झाले.

आसनाचा पट्टा माणसाच्या शरीरासाठी केलेला असतो. वाळूची पिशवी त्याखालून निसटते. म्हणून वजन विमानाच्या सांगाड्याला बोल्टने किंवा रॅचेट पट्ट्यांनी, पुढे-मागे, आडवे आणि वरच्या दिशेनेही जखडावे. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या जुन्या प्रमाणन-नियमांत अपघाती उतरणीसाठी केबिनमधील जड वस्तूंवर पुढच्या दिशेने वजनाच्या १८ पट बल धरलेले होते. घरगुती विमानाला तो नियम बंधनकारक नसला, तरी ४० किलोचे ७२० किलो होतात हा हिशेब बांधणाऱ्याने करावाच. शिसे आटोपशीर असते, पण पातळ तळाला चेपते. त्याखाली भार पसरवणारी फळी हवी. फाटक्या पिशवीतली वाळू नियंत्रणाच्या सांध्यांत जाते. पाण्याचा कॅन अर्धा भरला तर आतले पाणी हेलकावते, म्हणून तो काठोकाठ भरून घट्ट बंद करावा.

प्रवाशाच्या बाजूची स्टिक निघत असल्यास काढून ठेवतात. वजन बांधून झाल्यावर स्टिक आणि पेडल शेवटच्या टोकापर्यंत फिरवून पाहणे आवश्यक आहे. चढवलेला आणि उतरवलेला प्रत्येक नग भार-तक्त्यात लिहितात, कारण शेपटीत विसरून राहिलेले वजन पुढच्या उड्डाणाचा सगळा हिशेब चुकवते.