पानबदलाची खूण

पान हा संहितेचा भाग की कागदाचा? प्रश्न किरकोळ वाटतो खरा. परंतु एकाच फाइलमधून छापील ग्रंथ, पीडीएफ, ई-बुक आणि संकेतस्थळावरील मजकूर अशी अनेक रूपे निघू लागल्यापासून पृष्ठक्रमांकाने संदर्भ देणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाची त्याच्याशी गाठ पडते. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पोथीच्या सुट्या पत्रांवर क्रमांक असत. पत्रांचा क्रम राखणे एवढेच त्यांचे काम. ज्ञानेश्वरीचा संदर्भ मात्र अध्याय आणि ओवी यांनी दिला जातो. पाठभेदांमुळे ओवीक्रमांक मागेपुढे होतात, तरी पत्राचा आकार बदलल्याने ते बदलत नाहीत. गद्याला असा अंगचा आधार क्वचितच असतो. तेथे पानाचा आश्रय घ्यावा लागतो. याचे प्रसिद्ध उदाहरण प्लेटोचे. १५७८ मध्ये आंरी एस्तिएन (लॅटिन नाव स्टेफानुस) याने प्लेटोचे समग्र लेखन तीन खंडांत छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठक्रमांक आणि पानाच्या विभागांची ए ते ई ही अक्षरे आजही प्लेटोच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्यांच्या समासात दिली जातात. ॲरिस्टॉटलच्या बाबतीत हाच मान बेकरने संपादिलेल्या, १८३१ पासून बर्लिनला निघालेल्या आवृत्तीला मिळाला. कागदाचे पान येथे संहितेचे मोजमाप झाले.

संगणकाने पानाला निराळे रूप दिले. १९६३ च्या आस्की संकेतावलीत १२ हा क्रमांक ‘फॉर्म फीड’ या चिन्हाचा आहे. ते वाचण्याचे अक्षर नव्हे. छपाईयंत्राला ‘पुढच्या पानावर जा’ असे सांगणारी ती आज्ञा आहे. इंटरनेटची तांत्रिक मानके ज्या ‘आरएफसी’ मालिकेत प्रसिद्ध होतात, ती १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या लेखकांसाठी १९९७ मध्ये निघालेल्या सूचनांत पानाला जास्तीत जास्त ५८ ओळी आणि नंतर फॉर्म फीड, असा दंडक होता. कागदावर हे शोभे. पडद्यावर वाचणाऱ्याला मात्र चालू वाक्यात पानाची शीर्षओळ आणि तळओळ आडवी येई. २०१६ मध्ये एकाच एक्सएमएल मूळ प्रतीतून सर्व रूपे काढण्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि २०१९ मध्ये तो अमलात आल्यावर नव्या दस्तऐवजांच्या साध्या मजकुरातून पाने नाहीशी झाली. विभागांना क्रमांक असल्यामुळे संदर्भांचे त्यात काही बिघडले नाही.

साहित्याचे तसे नाही. कादंबरीतील परिच्छेदांना क्रमांक नसतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साध्या मजकुराच्या प्रतींत मूळ पृष्ठक्रमांक बहुधा गाळलेले असतात. वाचन त्यामुळे सलग होते. पण जुन्या समीक्षकाने केवळ पृष्ठक्रमांक देऊन केलेले विधान अशा प्रतीवरून पडताळता येत नाही. संहिता हाती राहते, तिच्याविषयी झालेल्या चर्चेकडे जाणारी वाट मात्र बुजते.

या पेचावरचा तोडगा १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या अभ्यासकांच्या उपक्रमात सापडतो. अडचण अशी, की परिच्छेद एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपतो. त्यामुळे परिच्छेदाच्या चौकटीत पान बसत नाही, आणि पानाच्या चौकटीत परिच्छेदही बसत नाही. म्हणून या पद्धतीत पानाला चौकट न मानता, रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडासारखी एक रिकामी खूण मानले आहे. ‘अमुक आवृत्तीचे अमुक पान येथे सुरू होते’ एवढेच ती सांगते. ई-बुकात ती लपविता येते, समासात दाखविता येते, आणि एकाच संहितेत दोन आवृत्त्यांच्या खुणाही नांदू शकतात.

आमच्या मते फॉर्म फीड आणि ही खूण यांतील भेद आज्ञा आणि साक्ष यांच्यातला आहे. आज्ञा कागदापुरती असते. कागद गेला की ती पाळण्याचे कारण उरत नाही. साक्ष जपावी लागते. विकिस्रोतावर ग्रंथ पानापानाने उतरवून नंतर प्रकरणे सलग जोडतात, आणि मूळ पृष्ठक्रमांक कडेला ठेवता येतात. मराठी ग्रंथांसाठीही ही सोय आहे. जुन्या मराठी गद्याचे संगणकीकरण करणाऱ्यांनी किमान एवढे करावे : कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवावे आणि तिच्या पानांच्या खुणा पुसू नयेत. एकदा गाळलेली खूण परत मिळविण्यासाठी मूळ ग्रंथच हाती घ्यावा लागतो, आणि तो दरवेळी ग्रंथालयात सापडेलच असे नाही.