केनेबाची वही

आफ्रिकेचा नकाशा समोर धरला, तर पश्चिमेच्या फुगवट्यावर अगदी टोकाशी सेनेगल हा देश दिसतो. त्याच्या पोटात समुद्राकडून घुसलेली एक बारीक पट्टी आहे, ती गांबिया. एक नदी, तिचे दोन काठ, आणि देश संपला. रुंदी पन्नास किलोमीटरच्या आतच. आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा, एवढाच त्याचा पसारा. १९६५ साली तो इंग्रजांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. या देशाचं नाव आपल्या कानावर क्वचितच पडतं. पण पोटातलं बाळ कशावर वाढतं आणि कशानं खुरटतं, याविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा वाटा या देशातल्या एका खेड्याचा आहे. त्या खेड्याचं नाव केनेबा.

राजधानी बांजूलपासून रस्त्यानं शंभरावर किलोमीटर आत, नदीच्या दक्षिणेला, मंडिंका लोकांचं हे गाव. पुरुष भुईमूग पिकवतात, तो विकला जातो. बायका भात पिकवतात, तो घरात खाल्ला जातो. वर्षात पाऊस एकदाच, जून ते ऑक्टोबर. जुनं धान्य जुलैपासून संपत येतं आणि नवं पीक हाताशी यायला पावसाळा सरावा लागतो. मधले महिने भुकेचे. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगायला नको. आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाते आणि नेमकी तेव्हाच लावणी, निंदणी, खुरपणी अंगावर येते. पोटात कमी आणि हाताला काम जास्त. त्यात डास, हिवताप, हगवण हेही त्याच महिन्यांतले. केनेबाची बाई गरोदर असली म्हणून तिची भातखाचरातली पाळी चुकत नसे.

इयन मॅक्ग्रेगर हा तरुण स्कॉटिश डॉक्टर १९४९ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलतर्फे गांबियात आला. त्यानं केनेबा आणि आसपासची मंडुआर, कांतोंग कुंडा अशी काही खेडी निवडली आणि माणसं मोजायला सुरुवात केली. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं वजन किती, रक्तात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत. वर्षामागून वर्षं त्याच घरांतल्या त्याच माणसांची नोंद. त्या वहीतून पहिली गोष्ट जी बाहेर आली ती ऐकवत नाही. जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती.

मॅक्ग्रेगरचं मूळ लक्ष हिवतापावर होतं. त्यात त्यानं मोठं काम केलं. १९६१ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हिवतापाला सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन आजारी मुलांना टोचलं तर त्यांच्या रक्तातले जंतू झपाट्यानं कमी होतात. म्हणजे हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे देता येते. पुढं लशीचा विचार करणाऱ्यांना याचा मोठा आधार वाटला. मॅक्ग्रेगरला पुढं ‘सर’ किताब मिळाला. २००७ साली तो वारला.

पण इथं थोडं थांबावंसं वाटतं. पंचवीस वर्षं ही वही लिहिली जात होती आणि गावात चोवीस तास चालणारा दवाखाना नव्हता. मॅक्ग्रेगर आजाऱ्यांवर उपचार करी, तो निष्ठुर माणूस नव्हता. मात्र संशोधक येतात, मोजतात, जातात, आणि मोजलेलं मूल पुढच्या पावसाळ्यात राहत नाही, हे त्या काळात जगभर चालत होतं. ज्या आईनं दरवेळी आपलं मूल तराजूत ठेवलं, तिला बदल्यात काय मिळालं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नसे. तो विचारायला हवा होता, असं मला वाटतं.

१९७४ साली चित्र पालटलं. केंब्रिजच्या डन पोषण संशोधन केंद्रानं रॉजर व्हाइटहेड यांच्या नेतृत्वाखाली केनेबात कायमचं ठाणं उभारलं, आणि त्याबरोबर डॉक्टर, सुईणी, लसी आणि मोफत औषधं आली. दहा वर्षांत तिथले बालमृत्यू कित्येक पटींनी घटले. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्याही खाली आली. यात नवा शोध कुठलाच नव्हता. साधे, माहीत असलेले उपचार दारात आले, एवढंच.

आता मुलं जगू लागली, पण वाढत मात्र नव्हती. पहिले तीन-चार महिने बाळ छान बाळसं धरी, मग वजनाची रेघ आडवी होई. व्हाइटहेड आणि त्यांच्या मंडळींना वाटलं, अर्धपोटी आईला दूध कमी येत असणार. आईला खायला घाला, दूध वाढेल, बाळ वाढेल. आपल्या आजीनंही हेच सांगितलं असतं. मग बाळंतिणींना शेंगदाण्याची बिस्किटं सुरू झाली. रोजच्या जेवणावर चांगली शेकडो कॅलरींची भर. आणि दूध? ते वाढलं नाही. मोजून पाहिलं, पुन्हा मोजलं, नाहीच वाढलं. खरं तर ते आधीच फारसं कमी नव्हतं. भुकेचे महिने सोडले, तर केनेबाच्या आईचं दूध केंब्रिजच्या आईच्या जवळपास होतं. आईचं शरीर स्वतः झिजत होतं, पण बाळाच्या दुधाला हात लावू देत नव्हतं. बिस्किटं खाणाऱ्या बायांना स्वतःला मात्र बरं वाटू लागलं, आणि एक अनपेक्षित गोष्टही झाली. त्यांची पाळी लवकर सुरू होऊन पुढचं गरोदरपण अलीकडे आलं. मदतीचा हात असा कुठून कुठं पोहोचतो, पाहा.

ही झीज शरीर सोसतं तरी कसं, हे कळावं म्हणून त्यांनी त्या खेड्यात एक खोलीवजा यंत्रच बसवलं. माणूस आत बसला, की शरीर किती ऊर्जा जाळतं ते श्वासावरून मोजता येई. गरोदर बाई विसाव्याला असताना जास्त ऊर्जा वापरते, असं पाठ्यपुस्तकात असतं. केनेबाच्या बायकांत उलट दिसलं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या शरीरानं आपला पायाभूत खर्चच खाली आणला होता. तेल कमी असलं की दिव्याची वात खाली करावी, तसं. बाई निरोगी दिसते, चालते-फिरते, काम करते, म्हणून तिला पुरेसं मिळतं असं धरून चालणारे आपण सगळेच. त्या खोलीतले आकडे वेगळं सांगत होते.

पण शरीराच्या काटकसरीलाही एक तळ असतो, आणि तो पोटातल्या बाळाला लागत होता. १९८० नंतर हीच बिस्किटं बाळंतपणाआधी, गरोदरपणातच देऊन पाहिली गेली. उन्हाळ्याच्या, भरल्या कणगीच्या दिवसांत काहीच फरक पडला नाही. भुकेच्या महिन्यांत मात्र बाळाचं जन्मवजन सरासरी सव्वादोनशे ग्रॅमनी वाढलं. अडीच किलोच्या खाली जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ २४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांवर आलं.

एका गावचा हा अनुभव दुसरीकडे टिकेल का? सना सीसे हा गांबियाचाच संशोधक आणि त्याचे सहकारी २८ गावांत पाच वर्षं याच प्रश्नामागे राहिले. दोन हजारांवर बाळंतपणं झाली. शेंगदाणे, तांदळाचं पीठ, साखर आणि शेंगतेल यांची दोन बिस्किटं रोज, सुमारे हजार कॅलरींची, गावच्या दाईच्या डोळ्यांदेखत खायची. घरी नेली तर ती मुलांत वाटली जाणार, हे कुठल्याही आईला ओळखणारा माणूस सांगेल. उरलेल्या गावांतल्या बायकांना तीच बिस्किटं बाळंतपणानंतर मिळाली. १९९७ साली निष्कर्ष छापून आले. वजन सरासरी १३६ ग्रॅमनी वाढलं, भुकेच्या काळात २०१ ग्रॅमनी. मृत जन्मणारी आणि पहिल्या आठवड्यात जाणारी बाळं लक्षणीय कमी झाली. ना महागडं औषध, ना परदेशी भुकटी. गावात पिकणारा भुईमूग, जो एरवी बोरीत भरून बंदराकडे जात होता.

त्याच वर्षी मॅक्ग्रेगरच्या जुन्या वहीतून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली. १९४९ पासून जन्मलेल्या तीन हजारांवर माणसांचे जन्ममहिने आणि मृत्यू ताडून पाहिले गेले. लहानपणी फरक दिसत नव्हता. पण पंचविशी ओलांडल्यावर भुकेच्या हंगामात जन्मलेल्यांत अकाली मृत्यूची शक्यता दहापट निघाली. आईच्या पोटात असताना पडलेल्या एका दुष्काळी पावसाळ्याचं बिल पंचवीस वर्षांनी यावं! याची जगभर चर्चा झाली. नंतर सेनेगल आणि बांगलादेशातल्या अशाच नोंदी तपासल्या, तिथं ते दिसलं नाही. म्हणजे केनेबाचं सगळंच जसंच्या तसं जगाला लागू करता येत नाही.

मग प्रश्न आणखी मागं सरकला. गर्भ राहतानाच्या दिवसांत आईनं काय खाल्लं, याची काही खूण बाळावर राहते का? २०१४ साली अँड्र्यू प्रेंटिस यांच्या गटानं दाखवलं, की राहते. पावसाळ्यात गर्भ राहिलेल्या आणि उन्हाळ्यात गर्भ राहिलेल्या मुलांच्या काही जनुकांवरच्या रासायनिक खुणा वेगवेगळ्या होत्या, आणि त्यांचा आईच्या रक्तातल्या पोषकद्रव्यांशी संबंध लागत होता.

या टप्प्यावर केनेबाची वाट मुंबईला येऊन मिळते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजार बायकांवर एक अभ्यास झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ द्यायचा. काहींना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला, काहींना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून पौष्टिक खाऊ खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं, पण फार किडकिडीत बायकांना त्याचा लाभ झाला नाही. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्याच कोरड्या राहिल्या. गरोदरपणातला मधुमेह मात्र बराच घटला. पुढं हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या मदतीनं या मुंबईच्या मुलांची आणि गांबियातल्या तशाच एका अभ्यासातल्या मुलांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली गेली. गांबियात थोडे फरक दिसले, मुंबईत ठळक काही सापडलं नाही. मुंबईचा पावसाळा आणि केनेबाचा पावसाळा सारखा नसतो, हे त्याचं एक कारण असेल.

एवढं सगळं करून केनेबाची मुलं आज वाढतात का? या प्रश्नाचं उत्तर २०१७ साली चार दशकांच्या नोंदींवरून मिळालं. १९७० च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली होती. २०१२ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. चाळीस वर्षं मोफत दवाखाना, लसी, बोअरचं पाणी, तज्ज्ञांचा पहारा, आफ्रिकेतल्या क्वचितच एखाद्या खेड्याला लाभावं असं सगळं. आणि तरीही दहातलं तिसरं मूल खुजं. याचा एक धागा १९९१ सालीच हाती आला होता. बाळांच्या आतड्यांचं अस्तर सततच्या जंतूंनी झिजलेलं असतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वाढ खुंटण्याचा जवळजवळ ४३ टक्के भाग त्या झिजेशी जुळत होता. मग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत स्वच्छ पाणी, संडास आणि हात धुण्याचे मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ मध्ये निकाल आले. मुलांची उंची त्यानं वाढली नव्हती. अंगणात कोंबड्या, धूळ, शेण आणि रांगतं बाळ असेल, तर एक नळ आणि एक संडास यांनी काम भागत नाही, असं आता या विषयातली माणसं म्हणतात. तेवढी स्वच्छता म्हणजे घरच वेगळं हवं, फरशी हवी, नळ घरात हवा. ही गोष्ट बिस्किटासारखी स्वस्त नाही.

केनेबाचं ठाणं अजून आहे. २०१८ पासून ते लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाच्या अखत्यारीत आहे. आसपासच्या छत्तीस गावांतली माणसं आता त्या वहीत आहेत, संगणकावर. मॅक्ग्रेगरनं पहिल्यांदा तराजूत ठेवलेल्या मुलांची नातवंडं-पतवंडं त्याच दवाखान्यात तोलली जातात.