चिखल, चाकं आणि टपाल

नकाशावर मुंबई ते बळ्ळारी पट्टी ठेवून बघा. रेघ साधारण खानापूर, कवठेमहांकाळच्या बाजूनं जाते. ऑक्टोबर 1932 मध्ये टाटांचं टपाल याच टप्प्यानं मद्रासला गेलं, वैमानिक नेव्हिल व्हिन्टसेंट. म्हणजे आपल्या सातारा-सांगलीच्या जवळपास डोक्यावरूनच की!

पण खरी गंमत आकाशात नाही, जमिनीवर आहे. जुहूचं विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाटी. सेवा 15 सप्टेंबरला सुरू व्हायची होती, पण पाऊस हटेना. शेवटी 15 ऑक्टोबरला जेआरडींनी कराचीहून पस मॉथ आणलं. पुढे पावसाळ्यात सगळं बिऱ्हाडच पुण्याला हलायचं: दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, आणि येरवडा तुरुंगाजवळचं एक मैदान.

चिखलाला एवढं काय घाबरायचं? अहो, या विमानाची मोठी चाकं वजनाच्या मध्याच्या पुढे असतात. चाक रुतलं की चाक थांबतं, विमान थांबत नाही. शेपूट वर, पंखा मातीत. म्हणून शक्य तितकं हळू टेकायचं, दांडी पोटाशी ओढून शेपूट खाली दाबायचं, ब्रेकच्या वाटेला जायचं नाही. उडणं त्याहून वाईट, कारण चिखल वेगच येऊ देत नाही.

कृष्णाकाठची काळी माती तर वस्ताद. पाणी पिऊन फुगते, चाकाला लगदा धरते. कराडजवळ वारुंजीला धावपट्टी झाली ती 1950 च्या दशकात. त्याआधी भर पावसात कुणी तिथल्या शेतात उतरलंच असतं, तर बाहेर काढायला बैलच जुंपावे लागले असते.