बंगळूरच्या झाडांची खानेसुमारी

बंगळूरला ‘उद्यानांचे शहर’ हे नाव फुकट मिळालेले नाही. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची आखणी सुरू केली, १८७० मध्ये कब्बन पार्क झाले. पण रस्तोरस्तीचा बहर हा पुढचा अध्याय, आणि त्याची वाट आपल्या बडोद्यावरून येते! गुस्ताव क्रुंबिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले आणि तेथून १९०८ मध्ये लालबागेत. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, अशी त्यांची योजना होती. टॅबेबुयाचा गुलाबी, नीलमोहराचा जांभळा, मग गुलमोहराचा तांबडा रंग आजही त्याच क्रमाने येतो.

दुसरे नाव वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांचे. मुख्यमंत्री गुंडूराव यांच्या काळात, १९८२ च्या सुमारास, त्यांच्याकडे शहराच्या वृक्षारोपणाचे काम आले आणि काही वर्षांत सुमारे १५ लाख झाडे लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या दारची सावली ही त्यांचीच.

या मंडळींना झाडे तोंडपाठ असणार. त्यांच्यामागे मात्र शहराला आपली झाडे किती, कोणती, कुठे, हे सांगता येईना. वास्तविक कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात वृक्षगणना हे कर्तव्यच सांगितले आहे. तरी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यासाठी आदेश द्यावा लागला. महाराष्ट्रातही १९७५ पासून असा कायदा आहे. मुंबईच्या गेल्या दशकातील गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. पुण्यानेही उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण टिपत मोजणी केली.

हे काम चालते कसे? मोजणारा बुंध्याशी उभा राहतो, मोबाइलवर ठिकाण टिपतो, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, प्रकृती आणि छायाचित्र भरतो. नकाशावर एक ठिपका उमटतो. ऐकायला सोपे! पण साध्या मोबाइलचे ठिकाण चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, आणि झाड जितके दाट तितका त्याखाली उपग्रहाचा संदेश क्षीण. वरून काढलेल्या छायाचित्रात पानांचा विस्तार दिसतो, बुंधे दिसत नाहीत. गुंतलेले दोन वर्षावृक्ष तिथे एकच वाटतात. म्हणून पायी फिरणारा, झाड ओळखणारा माणूस लागतोच. आमच्या गल्लीत मी ज्याला करंज म्हणतो त्याला शेजारचे गौडा ‘होंगे’ म्हणतात. शास्त्रीय नाव नोंदवले नाही तर यादीत एका जातीच्या दोन होतील.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१६ मध्ये पोलादी उड्डाणपुलाचा वाद पेटला तेव्हा ‘८१२ झाडे जाणार’ हा सरकारी आकडाच लोकांच्या हाती होता. हजारो नागरिक रस्त्यावर आले आणि मार्च २०१७ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. अर्थात कारणे इतरही होती. पण ज्या झाडाची नोंदच नाही ते रात्रीतून गेले, तर ते होते हे तरी कोण सिद्ध करणार? ठिपका झाड वाचवत नाही हे खरे. तोडणाऱ्यालाही तो नकाशा उपयोगी पडतो. मात्र ठिपका आहे आणि झाड नाही, असे दिसले की विचारणा करता येते. २०२५ मध्ये जुनी महापालिका जाऊन पाच नव्या आल्या. या फेरफारात नोंदींचे तुकडे होऊ नयेत, ही मला काळजी वाटते.

आपल्या मंडपाचे दोर, दिव्यांच्या माळा, शुभेच्छाफलकांचे खिळे हे सारे झाडांच्याच जिवावर असते. तरुण कार्यकर्त्यांच्या खिशात मोबाइल आहेच. विसर्जनानंतरच्या रविवारी मंडपाच्या दोन्ही बाजूंची झाडे टिपू या. कुठल्या बुंध्यात किती खिळे राहिले, कुठे मुळाशी सिमेंट चढले, तेही लिहू. मी टेप आणि वही घेऊन सकाळी सातला येतो.